न पडणारं विमान

माझा दादा वायुदलात होता, पण तो विमान चालवत नव्हता. इंजिनांची देखभाल करायचा. आमच्या गावात, अड्याळात, मात्र "गुरुजीचा पोरगा विमान चालवते" असंच बोललं जाई. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि कुणाचंही चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, पण एवढी एक चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. धानकापणीचे दिवस होते, म्हणून शाळेत पोरं कमी होती. मी तिथल्याच हायस्कूलात विज्ञान शिकवायची. तार आली तेव्हा बाबा अंगणात दाढी करत होते. त्यांनी ती वाचली, तोंडावरचा साबण तसाच ठेवून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तू वाच बरं." पूर्वेकडच्या डोंगरांवरून जाणारं एक मालवाहू विमान परत आलं नव्हतं. दादा त्यात होता. शोध चालू होता. काही आठवड्यांनी दुसरी बातमी आली. शोध थांबवला होता. विमानाचा तुकडाही सापडला नव्हता, आणि आतली माणसं मृत मानण्यात येत होती.

बाबा त्या 'मानण्यात' या शब्दावर अडकले. "मानण्यात येते म्हणजे काय? माहीत नाही म्हणूनच मानते न लोक?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत.

माझे बाबा काय माणूस होते, ते सांगायला हवं. छप्पन्न साली नागपूरला जाऊन त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून तलावात सोडून दिले. माय घाबरली होती. "काही होईन," म्हणाली. "झालं तर मले होईन," बाबा म्हणाले. पुढे गावात कुणाच्या अंगात आलं की बाबा त्याच्यासमोर जाऊन बसायचे आणि शांतपणे विचारायचे, "माह्या खिशात काय हाय, सांगता?" लोक चिडत, पण बाबांपुढे अंगात यायचं जरा कमीच झालं. घरात आम्हा दोघा भावंडांनी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे. कशावरून? चंद्राला खळं पडलं, म्हणजे पाऊस येणार. कशावरून? त्या विहिरीत भूत आहे. कशावरून? मी नागपूरला राहून विज्ञान शिकले ते या एका प्रश्नाच्या जोरावर.

दादाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वहिनी दिघोरीची. वीस वर्षांची होती आणि दादाबरोबर सगळं मिळून महिना-दीड महिना राहिली असेल. त्याला क्वार्टर मिळालं की तिला घेऊन जाणार होता. बातमी आल्यावर ती रडली, मग रडायची थांबली, आणि पहाटे उठून सडा घालायची ती घालतच राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात एक माणूस आमच्याकडे आला. साकोलीकडचा, एकोडीचा होता. पन्नाशीचा असावा. फिक्या निळ्या रंगाची सफारी, तेल लावून चापून बसवलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. उत्तरेत कुठल्याशा लष्करी विमानतळावर एका ठेकेदाराच्या हाताखाली त्याने वायरिंगचं काम केलं होतं. ते काम सुटल्यापासून गावी परत आला होता. कुणाकडून तरी दादाचं ऐकून तो मुद्दाम बसने आला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमचा पोरगा मेला नाही."

मायच्या हातातला कप खाली ठेवताना वाजला. बाबा म्हणाले, "बसा."

मग तो बोलत राहिला. आवाज हळू होता, जसं काही कुणी ऐकत असेल. "विमान हवेवर उडते, हे तुम्हाले माहीत हाय. पण आता जे विमान बनून राह्यले न, ते हवेवर उडत नाही. ते धरतीची ओढच तोडून टाकते. पंखा नाही, धूर नाही, आवाज नाही. उभ्याच्या उभं वर. परदेशच्या फौजांजवळ तर कवाचं हाय. आपल्याजवळ पण हाय, पण सांगत नाही. आन् जो माणूस एकडाव त्या कामावर गेला, त्याले घरी जाऊ देत नाही. घरच्यायले सांगते का बेपत्ता हाय. तुमचा पोरगा इंजिनावरचा. असेच लोक पाहिजेन असते त्यायले."

"तुम्ही पाहिलं का हे?" मी विचारलं.

"दुरून. रात्रपाळीत. हँगरच्या वरतं थांबलं होतं. हललं नाही, बिलकुल."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून तो 'कशावरून?' येईल म्हणून मी वाट पाहत होते. बाबांनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले आणि विचारलं, "खाऊ-पिऊ घालत असतीन न चांगलं?"

त्या दिवसापासून तो माणूस दर पंधरा-वीस दिवसांनी यायला लागला. तो ठग नव्हता. त्याने आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. बिनसाखरेचा चहा तेवढा घ्यायचा. तो जे सांगायचा ते त्याला खरंच वाटत होतं, आणि त्यामुळेच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. पुरावा विचारला की म्हणायचा, पुरावा असता तर ते गुप्त कसं राहिलं असतं? कुठे छापून का येत नाही, तर छापू देत नाहीत. छापून आलं तर? मग मुद्दाम खोटं छापलं, लोकांचा विश्वास उडावा म्हणून. कुठल्याही बाजूने गेलं तरी तो बरोबरच ठरायचा. मला वाटायचं, अशाच माणसासमोर बसून माझे बाबा एकेकाळी खिशातलं विचारायचे.

आता बाबा संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायला लागले. तिथे पश्चिमेला एक ठळक उजेड दिसतो, तो हलत नाही आणि मग एकदम जातो, असं त्यांनी मला सांगितलं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. सूर्य नुकताच बुडाला होता. झाडांच्या वर तो उजेड होता खरा.

"बाबा, हा शुक्र आहे."

"मले शुक्र शिकवते का तू? पोरायले शिकवता शिकवता जिंदगी गेली माही."

"मग?"

"शुक्र कोणचा आन् दुसरं कोणचं, हे पाह्यल्याशिवाय कसं समजन?"

पाळीवरून उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुडघे दुखत होते त्यांचे.

बाबांनी वाट पाहायची ठरवली असती तर मी कदाचित गप्पच राहिले असते. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी धरून ठेवायला लागतं. पण वाट एकटे बाबा पाहत नव्हते, वहिनीलाही पाहायला लावत होते. तिने बांगड्या काढायच्या नाहीत. कुणी विचारलं तर नवरा नोकरीवर आहे असं सांगायचं. माहेरी राहायला जायचं नाही, कारण तो आला आणि ती घरात नसली तर? तिचा भाऊ दिघोरीहून दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने माझ्याजवळ हळूच सांगितलं की लाखांदूरकडे एक कंपाउंडर आहे, बायको बाळंतपणात गेली, चांगला माणूस आहे, वहिनीचं सगळं ऐकून तयार आहे. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "नवरा जिता असतानी दुसरं लगन करता का पोरीचं?" आणि उठून आत गेले.

त्याच दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. मी तांदूळ निवडत होते. तिने माझ्या सुपातले दाणे उगाच इकडचे तिकडे केले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या हा. असं विमान असते का?"

"नाही."

"पक्कं?"

मी थांबले. वर्गात मी हे सहज सांगितलं असतं. पृथ्वीची ओढ अशी पंख्यासारखी बटण दाबून बंद करता येत नाही, निदान अजूनपर्यंत कुणी केल्याचं कुणी दाखवलेलं नाही. पण ती विमानाबद्दल विचारतच नव्हती.

"असं विमान नाही," मी म्हणाले. "आन् दादाही नाही, वहिनी."

दादा गेल्यापासून घरात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "मले वाटलंच होतं. पण कोणी म्हणत नव्हतं न. मग मले वाटे, आपणच त्यायले मारून राह्यलो का मनात."

त्यानंतर महिन्याभरात त्या सफारीवाल्याने ठरवलं की गावाला दाखवायचंच. बाजाराच्या दिवशी, राइस मिलमध्ये, कारण तिथे वीज भरवशाची होती. त्याने एक लाकडी पेटी आणली होती. पेटीत तांब्याच्या तारेची जाड गुंडाळी, गुंडाळीच्या मधून वर आलेला लोखंडी दांडा, आणि त्या दांड्यात सरकवलेली जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्याची कापलेली कडी. त्याने वायर जोडली, बटण दाबलं, आणि ती कडी दांड्यावरून वर उठून वीतभर उंचीवर, कशालाही न टेकता थांबली. थरथरत होती. पेटीतून गुणगुण ऐकू येत होती. मागची माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

"पाहा," तो म्हणाला. "वजन गेलं. हे लहान हाय. हेच मोठं केलं का विमान."

बाबा पुढच्या पोत्यावर बसले होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण मागच्या बायकांत वहिनी उभी होती.

"वजन गेलं का, ते मोजून पाहू," मी म्हणाले.

गिरणीवाल्याला तमाशाच हवा होता. त्याने आढ्याला टांगता तराजू बांधून दिला. लोखंडी पारड्यांवर पेटीची ओढ लागेल म्हणून मी बांबूच्या टोपल्या बांधायला सांगितल्या. एका टोपलीत ती पेटी, कडीसकट. दुसऱ्या टोपलीत तांदूळ, मूठमूठ टाकत, काटा मध्ये येईपर्यंत. मग मी त्या माणसाला म्हटलं, "आता लावा."

त्याने बटण दाबलं. कडी उडताना टोपली जराशी खाली दचकली आणि परत जागेवर आली. कडी हवेत तरंगत होती. काटा मध्येच होता.

"आता मी कडी काढून घेते." वीज बंद करून मी दांड्यावरून कडी उचलली. पेटीची टोपली लगेच वर गेली, सगळ्यांना दिसेल इतकी. म्हणजे एवढ्याशा कडीचं वजन त्या तराजूला कळत होतं. कडी परत ठेवली, टोपली परत खाली. वीज लावली, कडी वर गेली, आणि काटा हलला नाही. असं पुन्हा केलं, मग गिरणीवाल्याला स्वतःच्या हाताने करायला लावलं.

"वजन गेलं नाही," मी म्हणाले. "ही गुंडाळी विजेच्या जोरानं कडीले वर ढकलते. जेवढं वर ढकलते तेवढीच स्वतः खाली दाबली जाते. कडीचं ओझं पेटीच उचलून राहिली आहे. दिसत नाही एवढंच. धरतीची ओढ जशीच्या तशी आहे."

एक-दोघं हसले. तो माणूस मात्र चिडला नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला, वायर सोडवली, नीट गुंडाळली. "हे तर खेळणं हाय, बाई," तो म्हणाला. "खऱ्या मशीनची गोष्टच अलग हाय. ते दाखवाची परवानगी नाही." पेटी उचलून त्याने छातीशी धरली. मला त्याची दया आली, आणि त्या दयेचं काय करावं ते कळलं नाही. बाबा त्याच्या आधीच उठून गेले होते.

घरी आले तर बाबा जेवायला बसले होते. समोरचं ताट तसंच होतं.

"तू त्या माणसाले खोटं पाडलं," ते म्हणाले. "ठीक हाय. बरोबरच पाडलं. पण त्याच्यानं तुहा दादा मेला, हे सिद्ध होते का?"

"नाही होत."

"मंग?"

माय चुलीजवळून म्हणाली, "राहू दे वं आता." पण मी राहू दिलं नाही.

"बाबा, असं न पडणारं विमान असतं त्यांच्याजवळ, तर दादाले त्या पडणाऱ्या विमानात बसवलं असतं का त्यांनी? डोंगरावर तेल-तांदूळ पोचवायले? अजूनही पेट्रोल जाळून, जुन्या इंजिनांवर, पोरं पाठवतात. ज्याच्याजवळ दुसरं काही असते, तो असं करत नाही."

बाबांनी ताटाला हात जोडले आणि उठले. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. बाहेर जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. चहा झाला का. सायकलमध्ये हवा नाही. असं कितीतरी वर्षं चाललं.

वहिनीला मोकळं केलं ते मायने. बाबांना विचारलं नाही. एका सकाळी तिने वहिनीची लुगडी-चोळी गाठोड्यात बांधली, वर दादाने पाठवलेली शाल ठेवली, मग ती काढून घेतली, मग परत ठेवली. बाबा पडवीत बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना माय म्हणाली, "पोरीले दिघोरीले नेऊन देऊन राह्यली. माहा जीव अर्धा झाला, तिचा कायले करू?" वहिनीने वाकून बाबांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. दोघी बस स्टँडवर गेल्या, आणि माय अंधार पडायच्या आत एकटी परत आली.

तो सफारीवाला नंतर आला नाही. तो गावोगाव पेटी घेऊन फिरतो असं मी ऐकलं. कुठे लोक ऐकतात, कुठे पोरं मागे लागतात. बाबा तलावाच्या पाळीवर जातच राहिले. पण तिथे ते आकाशाकडे पाहत की पाण्याकडे, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्यामागे गेले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अडखळत यायचं. मी शाळेतून आले की मऊ भात कालवून त्यांना भरवायची. एका दुपारी, घास तोंडात असतानाच, त्यांनी विचारलं, "ते डोंगर... केवढे असते?"

कुठले, ते मी विचारलं नाही.

"फार उंच," मी म्हणाले. मी तरी कुठे पाहिले होते? पवनीच्या आणि साकोलीच्या टेकड्यांहून उंच मीही काही पाहिलं नव्हतं. पुस्तकात होतं तेवढं सांगितलं. ओळीमागे ओळ, ढगांच्या वर टोकं, खाली इतकं दाट जंगल की वरून पाहिलं तर जमीन दिसत नाही.

"म्हणून सापडत नाही."

"हो."

"थंडी?"

"खूप असते."

ते चावत राहिले. घास गिळून म्हणाले, "स्वेटर होतं... त्याच्याजवळ. तुह्या मायनं... इनलेलं." मी त्यांच्या ओठाच्या कडेला आलेला भात पुसला. "होतं," मी म्हणाले. स्वेटर इथेच घरात, कपड्यांच्या पेटीत होतं. दादा ते न्यायला विसरला होता. तेवढं मी सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. बौद्धाचार्य पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याच्या नावाने करायच्या वंदनेचा, दिवस ठरवायला आले तेव्हा माय म्हणाली, "दोघाईचं एकाच दिवशी करून टाका, बावा. पोराचं आमी केलंच नाही." त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी मान हलवली.

त्या दिवशी वहिनी आली. नवरा, तो लाखांदूरकडचा कंपाउंडर, बरोबर होता, आणि कडेवर एक मुलगी. नवरा दाराशीच थांबला, तेव्हा मायने त्याला हाताला धरून आत आणलं आणि सतरंजीवर पुढे बसवलं. बाबांचा फोटो होता. दादाचा गणवेशातला फोटो बाबांनी कधी भिंतीवर लावू दिला नव्हता, कारण हार मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. तो मायने स्वतः पुसून शेजारी ठेवला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. दोघांची नावं घेतली गेली. दादाचं नाव घेतलं तेव्हा वहिनीने मुलीच्या केसांत तोंड लपवलं, आणि तिचा नवरा खाली पाहत राहिला.

जेवणं उरकल्यावर ती मोरीवर भांडी घासायला बसली. मी म्हटलं, "राहू द्या, पाहुण्या आहा तुम्ही." तिने ऐकलं नाही. मी शेजारी बसून पाणी ओतू लागले. बाहेर तिची मुलगी कशासाठी तरी रडायला लागली आणि माय तिला उचलून घेत म्हणाली, "ये, ये, काई नाई झालं."